सिम्पसन्सचं घर बिघडलंय म्हणे

जानेवारी १९९२. अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष. मंदी संपली असं कागदावर सांगतायत पण लोकांना नोकऱ्या मिळत नाहीयेत, बेकारी वाढतच चाललीये (जूनपर्यंत ७.८ टक्क्यांवर गेली ती), आणि अशात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले, धार्मिक रेडिओ-टीव्हीवाल्यांच्या अधिवेशनात उभं राहून सांगतात की अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी व्हायला पाहिजेत. तीनच दिवसांनी, ३० जानेवारीला, 'द सिम्पसन्स' ह्या कार्टून मालिकेच्या एका जुन्या एपिसोडच्या रिपीटला नवा छोटा तुकडा जोडून दाखवला गेला. घरातले सगळे टीव्हीसमोर बसून बुशसाहेबांचं तेच वाक्य ऐकतायत आणि घरातला पोरगा बार्ट म्हणतो, अहो, आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत की, आम्हीपण महामंदी संपू दे म्हणून प्रार्थना करतोय.

ह्या वॉल्टन्सबद्दल थोडं सांगायला हवं कारण आपल्याकडे ते फारसं कुणी बघितलेलं नाही. सीबीएस चॅनलवर १९७२ ते १९८१ चाललेली मालिका, १९३० च्या दशकातलं व्हर्जिनियाच्या डोंगरातलं कुटुंब, आजी-आजोबा, आईबाप, सात पोरं, सगळे एका घरात, गरिबी आहे पण गोडीगुलाबी आहे, आणि रात्री दिवे मालवल्यावर सगळे एकमेकांना नाव घेऊन गुडनाइट म्हणतात. छान आहे, मला काही वाकडं बोलायचं नाही. पण वॉल्टन्सची स्वतःची जमीन होती, अख्ख्या डोंगराला त्यांचं नाव होतं, घराशेजारी स्वतःची लाकूड कापायची गिरणी होती. डोक्यावर भाडं नाही, कामावर साहेब नाही. अशा घरात संस्कार टिकवायला तसं बरं पडतं, हे भाषणात कुणी सांगत नाही.

तर माझं म्हणणं असं की ३५ हून जास्त वर्षं ज्या कुटुंबाला सगळं जग बिघडलेलं बिघडलेलं म्हणतंय ते त्यांच्या अख्ख्या गावातलं, स्प्रिंगफील्डमधलं, सगळ्यात कमी बिघडलेलं प्रकरण आहे. बिघडलाय तो कारखाना, शाळा, नगरपालिका, पोलीस, टीव्ही चॅनल, दवाखाना. घराला नावं ठेवली की ह्या सगळ्यांकडे बघावं लागत नाही, म्हणून नावं ठेवणाऱ्यांना ते घर इतकं आवडतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हटलं असतं, पण घरचा बाप होमर सिम्पसन काही संन्यासी नाही, त्यामुळे ती म्हण इथे पुरती बसत नाही.

आधी होमरवरचे आरोप मान्य करून टाकू. दारू पितो, मो नावाच्या माणसाच्या बारमध्ये पडीक असतो, अणुवीज केंद्रात सेफ्टी इन्स्पेक्टर आहे आणि ड्यूटीवर झोपतो, मुलांचे वाढदिवस विसरतो, बायकोला गृहीत धरतो. आणि दहा वर्षांच्या पोराचा गळा दाबतो, जो जोक म्हणून सुरू झाला आणि पुढे सवय म्हणून चालू राहिला. त्याचं मी समर्थन करणार नाही, कार्टून असलं तरी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका एपिसोडमध्ये होमर सहज बोलून गेला की आता मी ते करत नाही, काळ बदललाय, तर त्या एका वाक्यावर जगभर बातम्या झाल्या, आणि निर्मात्यांना लगेच सांगावं लागलं की काही बदललेलं नाही. म्हणजे बघा, अणुकेंद्रातली गळती कुणाला बातमी वाटली नाही कधी.

पण त्याच कुटुंबाकडे जरा नीट बघा. रोज रात्री एका टेबलावर जेवतात. जेवायच्या आधी प्रार्थना म्हणतात. दर रविवारी चर्चला जातात, कंटाळून जातात पण जातात, आणि अमेरिकन टीव्हीवर नेमाने चर्चला जाणारी कुटुंबं किती होती हो त्या वेळी? बुश ज्यांच्यासमोर बोलत होते त्या मंडळींना खरं तर हार घालायला पाहिजे होता ह्यांना. २०१० मध्ये व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने चक्क लिहिलं की होमर आणि बार्ट कॅथलिक आहेत (शोवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं, ते वेगळं). होमर आणि मार्जचा संसार इतक्या वर्षांत कितीदा मोडायला आला आणि मोडला नाही. त्याच काळात टीव्हीवरच्या आदर्श बापांची काय अवस्था झाली ते शोधून बघा, ज्या बिल कॉस्बींच्या शोसमोर फॉक्स चॅनलने १९९० मध्ये मुद्दाम सिम्पसन्स लावलं त्यांचं पुढे काय झालं (लैंगिक अत्याचाराचे खटले) ते तर सगळ्या जगाला माहितीये.

बरं, पैशांचं बघू. मॅट ग्रोनिंगने १९८७ मध्ये ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात मधेमधे लावायच्या मिनिटभराच्या तुकड्यांसाठी हे कुटुंब काढलं आणि पहिला अर्ध्या तासाचा एपिसोड लागला १७ डिसेंबर १९८९ ला. नाताळचा एपिसोड. त्यात घडतं काय? मार्जने नाताळसाठी बरणीत साठवलेले पैसे बार्टने गोंदवून घेतलेला टॅटू पुसून टाकण्यात जातात, आणि त्याच दिवशी अणुकेंद्राचे मालक मिस्टर बर्न्स लाऊडस्पीकरवरून जाहीर करतात की यंदा बोनस नाही. होमर बायकोला सांगू शकत नाही. गुपचूप एका मॉलमध्ये सांताक्लॉजचं काम धरतो, दाढी लावून पोरांना मांडीवर बसवतो, आणि शेवटी हातात चेक पडतो १३ डॉलरचा, कारण पगारातून सगळं कापलंय, बेकारी विम्याचे पैसे, सांताच्या ट्रेनिंगचे पैसे, ड्रेसचे पैसे, वर त्या खोट्या दाढीचं भाडं. दाढीचं भाडं! ज्याने कंत्राटी काम केलंय त्याला ह्यात अतिशयोक्ती कुठे आहे ते सांगता येणार नाही. ते १३ डॉलर घेऊन तो कुत्र्यांच्या शर्यतीत जातो आणि तिथे हरलेला, मालकाने हाकलून दिलेला कुत्रा घरी घेऊन येतो, आणि घरच्यांना तोच नाताळ वाटतो. आता ह्यात बिघडलेलं कोण आहे? बोनस कुणी खाल्ला?

पुढच्याच महिन्यात, २८ जानेवारी १९९० ला, शोने हा बिघडलेपणाचा प्रश्न सरळ समोर घेतला. कंपनीच्या पिकनिकमध्ये बायकोपोरांनी लाज आणली म्हणून होमर वैतागतो आणि बाकीची घरं कशी नीट असतात हे दाखवायला सगळ्यांना घेऊन रात्री लोकांच्या खिडक्यांतून डोकावत हिंडतो. मग एक कळकट घर दिसतं, होमर म्हणतो काय उकिरडा आहे हा, त्या बिचाऱ्याच्या फुलझाडांवर पाय पण पडला माझा. लिसा म्हणते, बाबा, हे आपलंच घर आहे. मग तो घरातला टीव्ही गहाण टाकून सगळ्यांना कुटुंब सुधारणाऱ्या डॉक्टरकडे नेतो, तिथे एकमेकांना विजेचे झटके द्यायची सोय असते, आणि हे पाच जण एकमेकांना इतके झटके देतात की गावातले दिवे मंद व्हायला लागतात. तिकडे वीज केंद्रात बसलेले बर्न्स ते बघून खूश होतात.

हे मला ह्या अख्ख्या शोमधलं सगळ्यात खरं दृश्य वाटतं. घरात भांडणं झाली की मीटर पळतो, आणि मीटर ज्याचा आहे त्याला घर सुधारण्यात काहीएक रस नाही. डॉक्टर शेवटी हात टेकतो आणि गॅरंटीप्रमाणे दुप्पट पैसे परत देतो, ५०० डॉलर, आणि ते हातात आल्यावर कुटुंब आनंदाने नवा टीव्ही घ्यायला जातं.

आता गावाकडे या. स्प्रिंगफील्डचा महापौर क्विंबी लाचखाऊ, पोलीसप्रमुख विगम डोनट खाण्यात मग्न, डॉक्टर निकची डिग्री कुठली ते विचारू नका, शाळेत पैसे नाहीत, आणि टायरांचा एक ढीग वर्षानुवर्षं जळतोय तो विझवायचं कुणाच्या डोक्यात नाही. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. बार्ट शाळेत नापास होतो त्याला सगळे बार्टचा दोष म्हणतात, १९९० मध्ये 'ढ असल्याचा अभिमान' छापाचा मजकूर असलेल्या त्याच्या टीशर्टांवर काही शाळांनी बंदी पण घातली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला जो एपिसोड लागला, तीन कोटींहून जास्त लोकांनी बघितला तो, त्यात हा पोरगा खरोखर अभ्यास करतो. बाहेर अख्खं गाव बर्फात खेळतंय आणि हा तळघरात पुस्तक घेऊन बसलाय. आणि तरी नापास होतो. बाईंसमोर ढसाढसा रडतो की मी खरंच प्रयत्न केला होता. रडताना इतिहासातली एक बारीकशी गोष्ट बोलून जातो, बाईंना वाटतं अरे ह्याला समजलंय की, आणि एक मार्क जास्त देऊन पास करतात. टीशर्टवर बंदी घालणाऱ्या किती मुख्याध्यापकांनी हा एपिसोड बघितला असेल कोण जाणे.

आणि मोनोरेल. हा विषय निघाल्यावर मुंबईकराला हसू आवरणं कठीण. जानेवारी १९९३ चा एपिसोड, लिहिणारा कोनन ओब्रायन. बर्न्सला अणुकचरा बागेत टाकताना पकडलंय, त्याला ३० लाख डॉलरचा दंड झालाय आणि ते पैसे गावाच्या हातात आलेत. मार्ज सांगते मेन स्ट्रीट खड्ड्यांनी भरलाय तो दुरुस्त करा. सगळे जवळजवळ तयार होतात. तेवढ्यात एक गोडबोल्या विक्रेता उठतो, गाणं म्हणतो, शेजारच्या गावांनी मोनोरेल घेतली असं सांगतो, आणि पाच मिनिटांत अख्खी सभा मोनोरेल मोनोरेल ओरडत नाचायला लागते. मार्ज मागून म्हणते, अहो पण मेन स्ट्रीटचं काय, तर तिचंच पोरगं तिला गप्प करतं. मुंबईची मोनो २०१४ च्या फेब्रुवारीत वडाळा ते चेंबूर सुरू झाली, २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्टेशनात डब्यांना आग लागून महिनोन्‌महिने बंद राहिली, २०१९ मध्ये सात रस्त्यापर्यंत गेली, ऑगस्ट २०२५ च्या पावसात शेकडो प्रवाशांना पोटात घेऊन मधेच अडकली आणि सप्टेंबरात दुरुस्ती-सुधारणेसाठी पुन्हा बंद केली. आपल्याकडे कुणी गाणं म्हटलं नव्हतं एवढाच फरक. पण मला त्या एपिसोडमध्ये मोनोरेलपेक्षा मार्जचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. रस्त्याबद्दल बोलणारी सभेतली एकटी बाई, आणि ती त्या बिघडलेल्या घरातली.

मार्जबद्दल लोक कमी बोलतात. होमर-बार्टचे टीशर्ट खपले म्हणून असेल. पण १ नोव्हेंबर १९९० चा एपिसोड बघा. बार्ट केंद्राजवळच्या ओढ्यात मासा पकडतो तर त्याला तीन डोळे. बोंबाबोंब होते, तपासणी येते, बर्न्सच्या लक्षात येतं की केंद्र दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः गव्हर्नर होणं स्वस्त, म्हणजे मग काय सुरक्षित आणि काय नाही ते आपणच ठरवायचं. तो उभा राहतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री एका साध्या कामगाराच्या घरी जेवायला जायचं असं त्याचे सल्लागार ठरवतात, कॅमेरे वगैरे लावून (हा प्रकार आपल्याकडे ओळखीचा आहे, दलिताच्या घरी जेवण, झोपडीत चहा, फोटो आधी आणि घास नंतर), आणि घर ठरतं सिम्पसन्सचं. लिसाला विचारायचा प्रश्न छापून दिलाय. बार्ट प्रार्थना म्हणतो, देवा, हे सगळं आम्ही आमच्या पैशांनी आणलंय, तेव्हा तुझे काही आभार नाहीत. मार्जचं मत बर्न्सविरुद्ध आहे पण नवरा म्हणतो माझी नोकरी जाईल, तुला काय व्यक्त व्हायचंय ते घर नीट ठेवून आणि जेवण वाढून हो. ठीक आहे म्हणते ती. आणि टेबलावर झाकलेलं ताट येतं, झाकण निघतं, आत तोच तीन डोळ्यांचा मासा. तुम्हीच म्हणालात ना सुरक्षित आहे. बर्न्स घास तोंडात घालतो, सगळ्या राज्यासमोर चावतो, आणि थुंकतो. तो घास कार्पेटवर पडायच्या आत निवडणूक संपलेली असते.

भाषण नाही, मोर्चा नाही, एक ताट. मला तर ती बाई आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात उभी आहे असं वाटतं. आणि बुशबाईंना, म्हणजे बार्बरा बुश ह्यांना, ती ह्याच वर्षी भेटली होती. त्यांनी एका मासिकाला सांगितलं की ह्या शोइतकी मूर्खपणाची गोष्ट मी आजवर पाहिली नाही. शोच्या लेखकांनी मार्जच्या नावाने त्यांना पत्र पाठवलं, मला वाईट वाटलं, मीपण नवऱ्याच्या बाजूने उभी राहणारी बाई आहे असं, आणि बार्बराबाईंनी उत्तर लिहून माफी मागितली. नवऱ्याच्या सव्वा वर्ष आधी त्यांना कळलं होतं म्हणायचं.

होमरची बाजू एकदाच मांडतो, एकाच एपिसोडवरून, जानेवारी १९९५ मधल्या. घरातल्या अल्बममध्ये मॅगीचा, धाकटीचा, एकही फोटो नाही, असं का, असं मुलं विचारतात. मागची गोष्ट अशी की होमरने एकदा सगळं कर्ज फेडलं होतं, हिशेब केला की आता कमी पगारात भागतं, आणि बर्न्सची नोकरी वाजतगाजत सोडून तो आवडीच्या कामाला लागला होता, बोलिंगच्या अड्ड्यावर. खूश होता. मग मार्जला तिसऱ्यांदा दिवस गेले. बोलिंगच्या पगारात तिसरं मूल बसत नाही. हा परत केंद्रात जातो तर याचना करणाऱ्यांसाठी एक वेगळं बुटकं दार ठेवलंय, त्यातून रांगत आत जावं लागतं. बर्न्स कामावर घेतो, आणि त्याच्या टेबलासमोर एक पाटी ठोकतो, विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. आणि मॅगीचे फोटो कुठे आहेत? त्या पाटीवर. होमरने ते असे चिकटवलेत की काही अक्षरं झाकली जातात, आणि जी उरतात त्यांचा अर्थ होतो, तिच्यासाठी कर.

ह्या माणसाला आपण आळशी म्हणतो. असेल आळशी. पण राष्ट्राध्यक्षाने भाषण करायचंच होतं तर त्या बुटक्या दारावर करायला काय हरकत होती?

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर हा लेख फॅन क्लबचं पत्रक होईल. सगळ्या गावाची लक्तरं वेशीवर टांगणाऱ्या ह्या शोला स्वतःचं दुकान मात्र दिसलं नाही. अक्षरशः दुकान. अपू नहासपीमपेटिलोन, गावातल्या क्विक-ई-मार्ट दुकानाचा भारतीय दुकानदार, १९९० पासून. लिहिताना ह्या पात्रावर मेहनत घेतली होती हे मान्य करायला पाहिजे. कलकत्त्याच्या टेक्निकल कॉलेजात सत्तर लाख विद्यार्थ्यांत पहिला आलेला, अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये डॉक्टरेट केलेला, आणि चोवीस तास दुकानात उभा. १९९६ चा एपिसोड तर आज परत दाखवावा असा आहे: गावात एक अस्वल येतं, त्याच्यासाठी पथक नेमतात, त्याचा टॅक्स वाढतो, लोक चिडतात, आणि महापौर खापर फोडतो बाहेरून आलेल्यांवर. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांविरुद्ध प्रस्ताव १८७ पास केला होता त्यावर हा टोला. टॅक्स अस्वलाचा आणि हद्दपारी अपूची, ह्यापेक्षा नीट कुणी सांगितलं नसेल.

पण आवाज हँक अझारियाचा. गोरा माणूस, आणि तो उच्चार उचललेला पीटर सेलर्सवरून, म्हणजे १९६८ च्या एका सिनेमात तोंडाला रंग फासून भारतीय झालेल्या दुसऱ्या गोऱ्या माणसावरून, हे अझारियाने स्वतःच सांगितलंय. इकडे स्टार वर्ल्डवर बघताना आम्ही हसलो. का नाही हसणार, आम्हाला शाळेत कुणी अपूचं 'थँक्यू, कम अगेन' म्हणून चिडवत नव्हतं. न्यू जर्सीत वाढलेल्या आपल्या भाचरांना चिडवत होते. ह्यावर इकडच्यांचं ठरलेलं उत्तर असतं की एवढं काय मनाला लावून घ्यायचं, आम्हाला तर मजा आली. आली असेल, पण ज्याला शेकतं त्याला विचारायचं की बघणाऱ्याला? २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू ह्या न्यूयॉर्कच्या कॉमेडियनने ह्यावर डॉक्युमेंटरी केली. शोने एप्रिल २०१८ मध्ये काय उत्तर दिलं? लिसाच्या तोंडी वाक्य घातलं की दशकांपूर्वी ज्याला टाळ्या मिळत होत्या ते आता चुकीचं ठरलंय, काय करणार. आणि शेजारी अपूचा फोटो.

लिसा! हीच लिसा १९९५ मध्ये शाकाहारी होते आणि बापाच्या बार्बेक्यूवर चिडून घर सोडून निघते तेव्हा दुकानाच्या गच्चीवर बसून तिला समजावतो तो अपू. मीपण मांस खात नाही, पण लोकांवर डाफरून काही होत नाही, असं. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी आहे त्या एपिसोडमध्ये, त्याने अट घातली होती की लिसा कायम शाकाहारी राहिली पाहिजे, आणि ती राहिलीये. म्हणजे मॅकार्टनीला दिलेला शब्द पाळला, अपूचं देणं विसरले. गावात काहीही चुकीचं घडलं की पहिली उठणारी ही पोरगी, आणि आपल्या घरच्या चुकीवर खांदे उडवते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. जे काम तीस वर्षं महापौर क्विंबी करत होता ते त्या दिवशी लेखकांनी केलं, आणि तेही तिच्या तोंडून.

पुढे अझारिया २०२० च्या जानेवारीत बाजूला झाला, जूनमध्ये शोने जाहीर केलं की गोरे कलाकार आता इतर वर्णाच्या पात्रांना आवाज देणार नाहीत, २०२१ मध्ये अझारियाने माफीपण मागितली, नीट मागितली. पण अपू? तो गर्दीत कुठेतरी उभा दिसतो, बोलत नाही. एखादा चांगला भारतीय नट शोधून त्याला बोलतं करता आलं असतं. डॉक्टरेट असलेला माणूस आता ह्या सगळ्याकडे कसं बघतो ह्यावर दोन सीझन निघाले असते. तसं न करता त्याला गप्प केला, म्हणजे आधी दुसऱ्याने त्याच्या वतीने बोलायचं आणि आता कुणीच नाही. मला हे माफीसारखं वाटत नाही, फाईल बंद केल्यासारखं वाटतं. २०१९ मध्ये शो डिस्नेच्या मालकीचा झाला तेव्हापासून फाईल बंद करण्याचं प्रमाण वाढलंच आहे, हाँगकाँगमध्ये तिआनानमेन चौकाचा उल्लेख असलेला एपिसोड त्यांच्या ॲपवर नव्हता, आणि मायकल जॅक्सनचा आवाज असलेला १९९१ चा एपिसोड तर निर्मात्यांनी त्याच्या थोडं आधीच सगळीकडून काढला होता. बुशना दिलेलं ते उत्तर ज्या एपिसोडच्या रिपीटला जोडलं होतं तो हाच.

राहता राहिलं घर. इंटरनेटवर हल्लीच्या पोरांचा होमरबद्दलचा मुख्य मुद्दा दारू किंवा गळा नाहीये, मुद्दा आहे की ह्याला घर परवडलं कसं. दुमजली, चार बेडरूम, गॅरेज, दोन गाड्या, तीन मुलं, एक पगार, कॉलेजची डिग्री नाही. हा प्रश्न शोने १९९७ मध्येच विचारला होता. फ्रँक ग्राइम्स नावाचा नवा सहकारी येतो, आयुष्यभर ढोर मेहनत केलेला, एका बोलिंगच्या अड्ड्याच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली अशा खोलीत राहणारा. होमर त्याला जेवायला बोलावतो. घर बघून त्या माणसाचं डोकं फिरतं, राजवाडा आहे हा, म्हणतो, आणि एपिसोड संपेपर्यंत तो वेडा होऊन मरतो, आणि त्याच्या अंत्यविधीला होमरला झोप लागते. तेव्हा लोकांना तो एपिसोड फार कडवट वाटला. आज हिंजवडीत बसून वीस वर्षांचा हप्ता भरणाऱ्या कुणालाही विचारा तू कोण, होमर की ग्राइम्स. उत्तर द्यायला वेळ लागणार नाही.

मे २०२२ मध्ये लेखकांनी स्वतःच ते कबूल करून टाकलं. बार्टला बापाची नोकरी आवडते, मीपण हेच करणार म्हणतो, आणि केंद्रातला झाडूवाला त्याला गाण्यातून सांगतो की बाळा, ते जग संपलं. क्लिंटनचे कामगारमंत्री रॉबर्ट राइश स्वतः येऊन युनियन आणि पगारांचं काय झालं ते समजावून जातात. म्हणजे १९८९ मध्ये जे कुटुंब तंगीचं म्हणून काढलं होतं, १३ डॉलरच्या चेकवालं, तेच काहीही न बदलता श्रीमंत दिसायला लागलं. घर तिथेच आहे, सोफा तोच, पगार पण फारसा वाढला नसणार. खाली गेलं ते बघणाऱ्याचं.

आणि घर घेतलं कसं त्याचं उत्तर ३ डिसेंबर १९९२ च्या एपिसोडमध्ये देऊन ठेवलंय, लोक लक्षात ठेवत नाहीत. होमरकडे पैसे नव्हतेच. आजोबांनी, म्हणजे होमरच्या वडिलांनी, स्वतःचं घर विकून पोराला पैसे दिले. ते घर आजोबांनी पन्नाशीच्या दशकातल्या एका फिक्स केलेल्या टीव्ही स्पर्धेत जिंकलेलं, बाकीच्यांची नावं पोलिसांना सांगून स्वतः घर ठेवून घेतलेलं. होमर त्यांना मिठी मारतो, बाबा, तुम्ही आमच्याकडेच राहायचं. मुलं विचारतात, मग किती दिवसांनी पाठवलं आजोबांना वृद्धाश्रमात? तीन आठवडे, म्हणतो होमर, आणि सगळे हसतात.

हे माझ्याच्याने पचत नाही. गळा दाबण्याच्या खालोखाल ह्या कुटुंबावरचा खरा डाग हाच, आणि आपल्याकडे बापाच्या फ्लॅटची फोड करून दोन भावांनी ठाण्या-पुण्यात बुकिंग केल्याची आणि मग बापाची सोय कुणाकडे ह्यावर व्हॉट्सॲप ग्रुप फुटल्याची उदाहरणं बघितल्यावर तर हसूच येत नाही. पण परत हिशेब तोच येतो. बँकेला, बिल्डरला आणि पगाराला जे जमलं नाही ते एका म्हाताऱ्याच्या घराने भागवलं, आणि वर नाव कुटुंबाचं खराब.

शो बंद करावा का ह्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत, फॉक्सने २०२५ च्या एप्रिलमध्ये अजून चार सीझन मंजूर करून ४० व्या सीझनपर्यंतची सोय करून टाकलीये. करा, माझी ना नाही, निम्मे एपिसोड आता मी पण मधेच बंद करतो पण ते असू दे. फक्त त्या चार सीझनमध्ये एक एपिसोड असा लिहा की बार्ट मोठा झालाय, नोकरीला लागलाय आणि होम लोन मागायला बँकेत गेलाय, आणि समोरचा साहेब विचारतो की डाउन पेमेंटचं काय, वडिलांचं घर आहे ना?